डीबी२ कॅटलॉग: नोडचं नाव आणि एलियस कुणाचं, कुठपर्यंत चालतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळच्या शाखेतल्या नव्या पीसीवरून रत्नागिरीच्या मुख्य कार्यालयातल्या डीबी२ (आयबीएमची डेटाबेस प्रणाली) डेटाबेसला जोडायचं आहे. जुन्या पीसीवर दोन कॅटलॉग कमांड (डेटाबेस कुठे आहे याची पीसीवर नोंद करणाऱ्या) दिलेल्या होत्या. नव्यावर त्या देताना नोडच्या जागी सर्व्हरचं पूर्ण मशीन-नाव घातलं, तर ते स्वीकारलं गेलं नाही. छोटं करून घातलं तर कमांड चालली, पण कनेक्ट करताना एसक्यूएल१०१३एन हा एरर आला. मग नोडचं नाव म्हणजे सर्व्हरचंच नाव असायला हवं का? आणि एलियस आधी सर्व्हरवर तयार करून घ्यावं लागतं का?

दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. नोडचं नाव हे सर्व्हरच्या पत्त्या-पोर्टचं आणि एलियस हे डेटाबेसचं, अशी ही तुमच्या पीसीवरची टोपणनावं आहेत. शेजारच्या टेबलावरच्या पीसीवर ती वेगळी असली तरी काही बिघडत नाही. सर्व्हरकडच्या वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळाव्या लागतात त्या तीन गोष्टी वेगळ्याच आहेत: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट आणि डेटाबेसचं सर्व्हरवरचं नाव. बाकीचं तुम्ही ठरवाल ते. बहुतेक गोंधळ यातलं काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, याची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

आता कमांड पाहू. इथे त्या देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

डीबी२ कॅटलॉग टीसीपीआयपी नोड मेन०१ रिमोट १९२.१६८.१०.५ सर्व्हर ५००००

डीबी२ कॅटलॉग डेटाबेस पीएटीडीबी अ‍ॅज पीएटीलाइव्ह अ‍ॅट नोड मेन०१

डीबी२ टर्मिनेट

डीबी२ कनेक्ट टू पीएटीलाइव्ह यूजर (तुमचं नाव)

पहिल्या ओळीने नोड डिरेक्टरीत नोंद होते: 'मेन०१ म्हटलं की १९२.१६८.१०.५ च्या ५०००० पोर्टवर जा.' दुसरीने सिस्टिम डेटाबेस डिरेक्टरीत नोंद होते: 'पीएटीलाइव्ह म्हटलं की मेन०१ वर जा आणि तिथे पीएटीडीबी माग.' दोन्ही कमांड फक्त लिहून ठेवतात. सर्व्हर चालू आहे का, पोर्ट बरोबर आहे का, डेटाबेस तिथे आहे का, हे त्या तपासत नाहीत. म्हणून 'कमांड यशस्वी झाली' हा संदेश पाहून निश्चिंत होऊ नका. पत्ता साफ चुकलेला असला तरी तोच संदेश येतो.

नोडचं नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचं. एलियसही आठ, आणि डेटाबेसचं नावही आठच. तुमचं मशीन-नाव नोडच्या जागी बसलं नाही ते यामुळे. अक्षरं आणि अंक एवढ्यावरच थांबा आणि सुरुवात अक्षराने करा. डॉलर, हॅश, अ‍ॅट ही चिन्हं नियमात बसतात, पण शेल स्क्रिप्टमध्ये डॉलर आला की तो शेल खातो आणि मग नाव अर्धं कसं झालं ते शोधत बसावं लागतं.

नोड म्हणजे मशीन, असं बरेच जण धरून चालतात. तेही पुरतं खरं नाही. नोडच्या नोंदीत पत्ता आणि पोर्ट दोन्ही असतात, आणि पोर्ट हा इन्स्टन्सचा, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या डीबी२च्या एका स्वतंत्र मांडणीचा, असतो. म्हणजे नोड खरं तर एका मशीनवरच्या एका इन्स्टन्सकडे बोट दाखवतो. एकाच सर्व्हरवर ५०००० वर चालू कामाचा इन्स्टन्स आणि ५००१० वर चाचणीचा इन्स्टन्स असेल, तर पत्ता एकच असूनही नोड दोन लागतील. उलट एका इन्स्टन्समध्ये बचत, कर्ज आणि पगार असे तीन डेटाबेस असतील तर नोड एकच पुरतो. त्याच्यावर डेटाबेसच्या तीन नोंदी करायच्या. प्रत्येक डेटाबेसला नवा नोड करणाऱ्यांना पुढे पत्ता बदलताना तीन ठिकाणी हात घालावा लागतो. आणखी एक: जुन्या पुस्तकांत 'नोड' हा शब्द पार्टिशनसाठीही (विभागलेल्या डेटाबेसच्या एका भागासाठी) वापरलेला दिसतो, आणि डीबी२नोड नावाचा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलही त्याच अर्थाचा आहे. त्याचा इथल्या नोडशी काही संबंध नाही.

पोर्ट कोणता हे अंदाजाने लिहू नका. ५०००० हा बऱ्याच ठिकाणी असतो, पण सगळीकडे नसतो. सर्व्हरवर इन्स्टन्सच्या मालकाच्या लॉगिनने 'डीबी२ गेट डीबीएम सीएफजी' द्यायला सांगा आणि त्यातली एसव्हीसीईनेम ही ओळ पाहा. तिथे आकडा असेल तर तोच पोर्ट. तिथे 'डीबी२सी_डीबी२इन्स्ट१' असं नाव असेल तर सर्व्हरच्या सर्व्हिसेस फाइलमध्ये त्या नावापुढचा आकडा पाहायचा. ही ओळ रिकामी असेल तर तो इन्स्टन्स बाहेरून जोडण्या घेतच नाही. 'डीबी२सेट -ऑल' मध्ये डीबी२कॉम समोर टीसीपीआयपी आहे की नाही तेही बघायला हवं. या दोन्हींत बदल केला तर इन्स्टन्स थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणजे ते काम संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर. एसएसएलचा (सांकेतिक, सुरक्षित जोडणीचा) पोर्ट वेगळा असतो. तो वापरायचा असेल तर नोडच्या कमांडच्या शेवटी 'सिक्युरिटी एसएसएल' जोडावं लागतं.

क्लायंटच्या कमांडमध्ये पोर्टच्या आकड्याऐवजी सर्व्हिसचं नावही चालतं, पण मग ते नाव तुमच्या पीसीच्या सर्व्हिसेस फाइलमध्ये असायला हवं. विंडोजमध्ये ती सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स, त्यातल्या इटीसी या फोल्डरात असते. नसेल तर एसक्यूएल१३३७एन. शाखेच्या पीसीवर ही फाइल कोण सांभाळणार? सरळ आकडा लिहा.

आता तिसरी जुळवायची गोष्ट, डेटाबेसचं नाव. दुसऱ्या कमांडमध्ये 'अ‍ॅज'च्या आधी जे नाव येतं ते सर्व्हरवरच्या डेटाबेसचं मूळ नाव, असं समजलं जातं. नेमकं बोलायचं तर ते सर्व्हरवरचं एलियस असतं. सर्व्हरलाही स्वतःची सिस्टिम डेटाबेस डिरेक्टरी असते, आणि तुम्ही मागितलेलं नाव तो तिच्या एलियसच्या रकान्यात शोधतो. डेटाबेस तयार होताना एलियस आपोआप नावासारखंच होतं, त्यामुळे शंभरातल्या नव्वद ठिकाणी हा फरक जाणवत नाही. पण कुणी सर्व्हरवर तो डेटाबेस अनकॅटलॉग करून वेगळ्या एलियसने पुन्हा नोंदवला असेल, तर शाखांनी तेच नवं एलियस द्यावं लागतं. म्हणून सर्व्हरवाल्याला 'डेटाबेसचं नाव काय' असं विचारण्यापेक्षा 'लिस्ट डीबी डिरेक्टरी'मधला तो पूर्ण भाग पाठवायला सांगा. त्यात डेटाबेस एलियस, डेटाबेस नेम आणि डिरेक्टरी एन्ट्री टाइप अशा ओळी असतात. सर्व्हरवर हा टाइप 'इनडिरेक्ट' दिसला पाहिजे, म्हणजे डेटाबेस तिथेच आहे. तिथेही 'रिमोट' दिसला तर त्या नावाने सर्व्हर स्वतःच तिसऱ्या मशीनकडे पाहतो आहे. तुम्ही तिथे गेलात तर एसक्यूएल१३३४एन मिळेल, कारण साध्या मांडणीत डीबी२ सर्व्हर तुमची विनंती पुढच्या सर्व्हरकडे ढकलत नाही. अशा वेळी तुमचा नोड थेट त्या तिसऱ्या मशीनवर न्यायचा.

तुमच्या पीसीवर हीच लिस्ट काढली की टाइप 'रिमोट' दिसेल आणि नोड नेमची ओळ येईल. 'लिस्ट नोड डिरेक्टरी' वेगळी काढा. दोन्ही समोरासमोर ठेवा आणि एलियसपासून नोड, नोडपासून पत्ता असं बोट ठेवून वाचा. अर्ध्याहून जास्त तक्रारी या वाचनातच मिटतात.

एरर कुठल्या पायरीवरचा आहे हे क्रमांकावरून कळतं, म्हणून क्रमांकाकडे दुर्लक्ष करून सगळं पुसून पुन्हा कॅटलॉग करण्याची घाई नको.

एसक्यूएल१०१३एन बहुतेक वेळा तुमच्याच पीसीवर तयार होतो. कनेक्टमध्ये दिलेलं नाव तुमच्या डेटाबेस डिरेक्टरीत एलियस म्हणून सापडलं नाही, असा त्याचा अर्थ. सर्व्हरपर्यंत गोष्ट गेलेलीच नसते, म्हणून नेटवर्कवाल्याला फोन लावून उपयोग नाही. तुमच्या बाबतीत 'अ‍ॅज पीएटीलाइव्ह' दिलं आणि 'कनेक्ट टू पीएटीडीबी' म्हटलं असण्याची दाट शक्यता आहे. एकदा 'अ‍ॅज' वापरलं की त्या नोंदीपुरतं मूळ नाव कनेक्टमध्ये चालत नाही. दुसरी शक्यता अशी की फक्त नोड कॅटलॉग केला आणि डेटाबेसची कमांड राहूनच गेली.

एसक्यूएल१०९७एन म्हणजे एलियस सापडलं, पण त्यात लिहिलेला नोड नोड डिरेक्टरीत नाही. नोडचं नाव दोन कमांडमध्ये वेगवेगळं टाइप झालं की हा येतो. मेन०१ मध्ये शून्याऐवजी रोमन 'ओ' पडला की तो डोळ्यांना दिसतही नाही. डेटाबेस कॅटलॉग करतानाच नोड नसेल तर एसक्यूएल११००डब्ल्यू अशी सूचना येते. शेवटचं अक्षर 'डब्ल्यू' असल्यामुळे ती फक्त ताकीद असते, आणि नोंद मात्र होऊन जाते. स्क्रिप्टमधून कमांड चालवणाऱ्यांना ती दिसतच नाही.

एसक्यूएल१३३६एन: नोडमध्ये पत्त्याऐवजी मशीनचं नाव दिलंय आणि त्या नावाचा पत्ता सापडत नाही. याच्यावर पुढे थोडं जास्त लिहितो.

एसक्यूएल३००८१एन हा लांबलचक संदेश घाबरवतो, पण यातच सगळ्यात जास्त माहिती असते. त्यातले दोन तुकडे वाचायचे. एक 'लोकेशन', जिथे क्लायंटने प्रत्यक्ष गाठायचा प्रयत्न केलेला पत्ता येतो. दुसरा प्रोटोकॉलचा कोड. विंडोजवर १००६१, लिनक्सवर १११ किंवा एआयएक्सवर ७९ असेल तर मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही: पोर्ट चुकला, इन्स्टन्स बंद आहे किंवा डीबी२कॉम लावलेलं नाही. १००६०, ११० किंवा एआयएक्सवर ७८ असेल तर उत्तरच आलं नाही: पत्ता चुकला, लाइन पडली किंवा मधला फायरवॉल पाकिटं गिळतोय. पहिल्या प्रकारात सर्व्हर सांभाळणाऱ्याला गाठायचं, दुसऱ्यात नेटवर्कवाल्याला. पॉवरशेलमधलं टेस्ट-नेटकनेक्शन पोर्टसह चालवलं की डीबी२ बाजूला ठेवून हेच पडताळता येतं. नुसता पिंग करून समाधान मानू नका, कारण पिंग पोर्टबद्दल काहीच सांगत नाही.

एसक्यूएल३००६१एन आला तर एका अर्थी आनंद माना. नोड, पत्ता, पोर्ट सगळं बरोबर आहे. सर्व्हरने उत्तर दिलंय, फक्त त्याच्याकडे त्या नावाचा डेटाबेस नाही. 'अ‍ॅज'च्या आधीचं नाव तपासा. आणि एसक्यूएल३००८२एन म्हणजे नावांचा विषय संपला. रीझन २४ असेल तर यूजर किंवा पासवर्ड चुकलाय, १७ असेल तर ऑथेंटिकेशनचा प्रकार दोन्ही बाजूंना जुळत नाही. कॅटलॉग डेटाबेसच्या कमांडमध्ये ऑथेंटिकेशन मुद्दाम लिहिलं असेल तर ते काढून नोंद पुन्हा करून पाहा. न लिहिता ठेवलं की क्लायंट आणि सर्व्हर आपसांत ठरवतात.

नोंद बदलायची कशी? 'अल्टर नोड' अशी कमांड नाही. अनकॅटलॉग करून पुन्हा कॅटलॉग करायचं. न काढता पुन्हा कॅटलॉग केलं तर नोडसाठी एसक्यूएल१०१८एन आणि डेटाबेससाठी एसक्यूएल१००५एन येतो, म्हणजे ते नाव आधीच घेतलेलं आहे. अनकॅटलॉगने डेटाबेसमधल्या माहितीला धक्का लागत नाही, फक्त तुमच्या डिरेक्टरीतली ओळ जाते. 'ड्रॉप डेटाबेस' मात्र वेगळी गोष्ट आहे. अधिकार असलेल्या लॉगिनने जोडलेले असाल तर ती एलियस पुसत नाही, पलीकडचा खरा डेटाबेस पुसते. एलियस काढून टाकायचं म्हणून ड्रॉप टाइप करणारे लोक आहेत.

दोन पायऱ्या वेगळ्या ठेवण्याचा खरा फायदा पत्ता बदलताना दिसतो. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरल्यानंतर तळमजल्यावरचे सर्व्हर वर किंवा दुसऱ्या गावी हलवण्याचा विचार अनेकांनी केला असेल. समजा चिपळूणचा सर्व्हर रत्नागिरीला गेला आणि पत्ता बदलला. दापोली, गुहागर, कुडाळ, सावंतवाडी अशा प्रत्येक शाखेत तेव्हा एवढंच करायचं:

डीबी२ अनकॅटलॉग नोड मेन०१

डीबी२ कॅटलॉग टीसीपीआयपी नोड मेन०१ रिमोट (नवा पत्ता) सर्व्हर ५००००

डीबी२ टर्मिनेट

डेटाबेसच्या नोंदीत मेन०१ हेच नाव असल्यामुळे तिला हात लावायचा नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एलियस असल्यामुळे तिथेही काही बदलत नाही. नोडला गावाचं नाव देऊ नका म्हणतो ते यासाठी. 'सीपीएलएन' नावाचा नोड रत्नागिरीकडे बोट दाखवायला लागला की दोन वर्षांनी येणारा माणूस चक्रावतो. कामावरून नाव द्या: मेन०१, टेस्ट०१, रिपोर्ट०१. पत्ता नावात घालणं त्याहून वाईट.

इथे 'टर्मिनेट' विसरला तर सगळं बरोबर करूनही जुनाच एरर येतो. डीबी२ डिरेक्टऱ्या मेमरीत धरून ठेवतं. डीआयआर_कॅशे हे सेटिंग मुळात 'येस' असतं, आणि म्हणूनच कॅटलॉगनंतर डीबी२१०५६डब्ल्यू ही ओळ येते. टर्मिनेटने कमांड लाइनपुरती मेमरी ताजी होते. आधीपासून चालू असलेली अ‍ॅप्लिकेशन, विंडोज सर्व्हिस किंवा टॉमकॅट आपली जुनी प्रत घेऊनच बसलेले असतात. ते बंद करून पुन्हा सुरू करावे लागतात. ओळखायची खूण सोपी आहे: एसक्यूएल३००८१एन मधल्या लोकेशनमध्ये जुना पत्ता दिसतोय, मग बदल त्या प्रोग्रामपर्यंत पोचलेला नाही.

नोडमध्ये आकडी पत्ता द्यावा की मशीनचं नाव? पुस्तकी उत्तर 'नाव द्या', कारण पत्ता बदलला की डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) एका जागी बदलता येतो. किनारपट्टीवर मात्र एक अडचण आहे. पावसाळ्यात झाड पडून किंवा रस्त्याच्या कामात फायबर तुटलं की शाखेचा राउटर मोबाइल डेटावर उडी मारतो. व्हीपीएन (मुख्य कार्यालयाशी खासगी जोडणी) पुन्हा उभा राहतो, पण कित्येक राउटर त्या वेळी पीसींना मोबाइल कंपनीचा डीएनएस देतात. तुमच्या मुख्य कार्यालयाचं आतलं नाव त्या डीएनएसला माहीत असण्याचं कारणच नाही. मग आकडी पत्ता पिंग होतो, इंटरनेट चालतं, आणि डीबी२ तेवढं एसक्यूएल१३३६एन देतं. यावर दोन उपाय आहेत. राउटरच्या दोन्ही लाइनींवर आतलाच डीएनएस सक्तीने लावा. ते जमत नसेल तर प्रत्येक पीसीच्या होस्ट्स फाइलमध्ये नावापुढे पत्ता लिहा. पाच-सहा पीसींच्या शाखेत नोडमध्ये थेट आकडी पत्ता लिहिला तरी माझी हरकत नाही. पत्ता बदलला की एक स्क्रिप्ट फिरवायची, बास. पीसीवर आयपीव्ही६ही चालू असेल आणि नाव भलत्याच पत्त्याकडे नेत असेल तर 'टीसीपीआयपी' ऐवजी 'टीसीपीआयपी४' लिहून नोड कॅटलॉग करा, म्हणजे फक्त आयपीव्ही४ धरलं जातं.

लाइन अर्धवट पडलेली असताना स्क्रीन गोठून बसते, त्याचंही कारण इथेच आहे. क्लायंट जोडणीसाठी किती थांबेल ते डीबी२टीसीपी_क्लायंट_कॉनटाइमआउट ठरवतो. त्याचं मूळ मूल्य शून्य असतं, म्हणजे डीबी२ स्वतः कधीच सोडून देत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम दमेपर्यंत थांबतं. 'डीबी२सेट' ने तो १० सेकंदांवर आणला की काउंटरवरच्या माणसाला निदान लवकर कळतं.

मुख्य सर्व्हरच्या जोडीला दुसरीकडे एचएडीआर स्टँडबाय (मुख्य पडला तर काम उचलणारा राखीव सर्व्हर) असेल, तर नोडचा विषय आणखी एक वळण घेतो. सर्व्हरवर 'अपडेट ऑल्टर्नेट सर्व्हर फॉर डेटाबेस' या कमांडने स्टँडबायचं होस्टनेम आणि पोर्ट लिहून ठेवतात. पहिली यशस्वी जोडणी झाली की ती माहिती क्लायंटला मिळते आणि त्याच्या डेटाबेस डिरेक्टरीत 'ऑल्टर्नेट सर्व्हर होस्टनेम' या ओळीत बसते. पर्यायी सर्व्हरसाठी तुम्ही वेगळा नोड कॅटलॉग करायचा नसतो. फसगत होते ती अशी: सर्व्हरवाल्याने तिथे आपल्या खोलीत चालणारं छोटं होस्टनेम लिहिलेलं असतं. रत्नागिरीत ते नाव सापडतं, सावंतवाडीत सापडत नाही. प्रत्यक्ष मुख्य सर्व्हर पडेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा प्रत्येक शाखेतून एकदा 'लिस्ट डीबी डिरेक्टरी' काढा आणि त्या ओळीतलं नाव त्याच पीसीवरून सापडतंय का ते आधीच पाहून ठेवा.

एलियसचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत धोकादायक वापर चालू आणि चाचणी डेटाबेसांसाठी होतो. समजा, दोन्ही सर्व्हरवर डेटाबेसचं नाव पीएटीडीबीच आहे, त्यामुळे एलियसशिवाय दुसरा कॅटलॉग होणारच नाही. एकाला पीएटीलाइव्ह, दुसऱ्याला पीएटीटेस्ट म्हणा, नोड वेगळे. काही जण सॉफ्टवेअरचं सेटिंग बदलायला नको म्हणून चाचणीच्या पीसीवर 'पीएटीडीबी' हेच एलियस चाचणी सर्व्हरकडे वळवतात. सोय होते खरी, पण समोर बसलेल्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही, आणि मार्चअखेरच्या नोंदी चाचणीत किंवा चाचणीच्या नोंदी खऱ्या खात्यांत पडतात. कनेक्ट झाल्यावर दिसणारी 'लोकल डेटाबेस एलियस' ही ओळ इथे कामाची नाही, ती तुमचंच टोपणनाव परत वाचून दाखवते. 'करंट सर्व्हर' हे रजिस्टर एलियस न देता खरं नाव देतं, पण दोन्हीकडे नाव एकच असेल तर त्यानेही फरक कळणार नाही. खात्री हवी तर एसवायएसआयबीएमएडीएम स्कीमातल्या ईएनव्ही_एसवायएस_इन्फो या व्ह्यूमधून होस्ट_नेम निवडा. तिथे सर्व्हर स्वतःचं नाव सांगतो.

सगळं नीट केलं, कमांड लाइनवर कनेक्ट होतंय, पण सॉफ्टवेअर जोडत नाही, अशी पुढची तक्रार हमखास येते. आधी हे पाहा की ते सॉफ्टवेअर हा कॅटलॉग वाचतं का. जावातला टाइप ४ ड्रायव्हर नोड आणि एलियस यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या जोडणीच्या ओळीत होस्ट, पोर्ट आणि सर्व्हरवरचं डेटाबेसचं नाव थेट लागतं. तिथे पीएटीलाइव्ह लिहिलं तर सर्व्हर ते नाव नाकारतो आणि एररकोड -४४९९, एसक्यूएलस्टेट ०८००४ असा एरर येतो. तिथे पीएटीडीबीच हवं. नुसता ओडीबीसी-सीएलआय ड्रायव्हर टाकलेल्या पीसीवर नोड डिरेक्टरी नसतेच. तिथे डीबी२डीएसड्रायव्हर नावाच्या सीएफजी फाइलमध्ये एलियस, नाव, होस्ट आणि पोर्ट एकत्र लिहितात. 'डीबी२सीएलआय रायटसीएफजी' ने ती भरता येते आणि 'डीबी२सीएलआय व्हॅलिडेट' ने तपासता येते.

पूर्ण क्लायंट असूनही अडलं तर कोणता कॅटलॉग वाचला जातोय ते बघा. डिरेक्टऱ्या प्रत्येक इन्स्टन्सच्या वेगळ्या असतात. एका इन्स्टन्समध्ये केलेली नोंद दुसऱ्यात दिसत नाही, आणि कोणता इन्स्टन्स चालू आहे ते डीबी२इन्स्टन्स हा व्हेरिएबल ठरवतो. विंडोजवर डीबी२ क्लायंटच्या दोन प्रती टाकलेल्या असतील तर कमांड विंडो एका प्रतीची आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रतीचं, असंही होतं. ओडीबीसीत तर ३२ बिट आणि ६४ बिटचे सिस्टिम डीएसएन (जोडणीच्या नोंदी) वेगळे. जुनं ३२ बिट सॉफ्टवेअर असेल तर डीएसएन सिसवाऊ६४ फोल्डरातल्या ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमधून करावा लागतो. फोल्डरच्या नावात ६४ असूनही तो ३२ बिटचाच आहे.

ओरॅकलवरून आलेल्यांसाठी: टीएनएसनेम्सच्या फाइलमधली एकच नोंद पत्ता, पोर्ट आणि सर्व्हिस एकत्र बाळगते, डीबी२ तेच काम दोन डिरेक्टऱ्यांत वाटतं. ओआरए-१२१५४ च्या जागी इथे १०१३ आणि १०९७, ओआरए-१२५४१ च्या जागी ३००८१, ओआरए-१२५१४ च्या जागी ३००६१ धरून चाला.

मेनफ्रेम किंवा आयबीएम आय वरच्या डेटाबेसला डीबी२ कनेक्ट या वेगळ्या सॉफ्टवेअरमधून जोडायचं असेल तर तिसरी डिरेक्टरी येते, डीसीएस. डेटाबेसच्या नोंदीतलं नाव डीसीएसच्या नोंदीत शोधलं जातं आणि तिथून पलीकडचं लोकेशन नेम मिळतं. ते आठ अक्षरांपेक्षा लांब असू शकतं, म्हणून तर मधली पायरी आहे. पोर्ट तिथे बहुधा ४४६. शाखेच्या पीसीला याची गरज सहसा पडत नाही.

एक पीसी नीट झाला की बाकीच्यांवर पुन्हा टाइप करत बसू नका. 'डीबी२सीएफएक्स्प' ने टेम्प्लेट प्रकारची फाइल काढा आणि इतर पीसींवर 'डीबी२सीएफइम्प' ने ती आत घ्या. फाइल पाठवण्याआधी नको असलेल्या जुन्या नोंदी मूळ पीसीवरूनच अनकॅटलॉग करा, नाहीतर विसरलेला चाचणी सर्व्हर सगळ्या शाखांत पोचेल. ज्या लॉगिनने फाइल आत घ्याल त्याला कॅटलॉग करण्याचा अधिकार लागतो. साध्या क्लायंटवर कॅटलॉग_नोऑथ 'येस' असल्यामुळे तो सगळ्यांना असतो. सर्व्हर सॉफ्टवेअर टाकलेल्या मशीनवर तो 'नो' असतो आणि एसक्यूएल१०९२एन येतो. तिथे सिसअ‍ॅडम किंवा सिसकंट्रोल गटातलं लॉगिन वापरा.